वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट काढताना स्रोत आणि संदर्भ कसे सांभाळावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रॅम्प्स, रूट्समॅजिक, फॅमिली हिस्टोरियन, फॅमिली ट्री मेकर अशा प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षं माहिती भरली जाते, आणि संदर्भांमधला घोळ दिसतो तो पहिला मोठा रिपोर्ट काढल्यावर. खालच्या सगळ्या उत्तरांमागे एकच कसोटी आहे: टीप वाचून अनोळखी वाचकाला तोच कागद त्याच पानावर सापडला पाहिजे. टीप बिघडलेली दिसली तर दुरुस्ती मूळ डेटाबेसमध्ये करायची. फक्त छापायच्या मजकुरात केली, तर पुढच्या रिपोर्टमध्ये तीच चूक पुन्हा येते.

## स्रोत, संदर्भ आणि संग्रहस्थान वेगवेगळं का भरायचं?

स्रोत म्हणजे अख्खी वही, पुस्तक, दस्तऐवजांचा गठ्ठा किंवा वेबसाइट. संदर्भ म्हणजे त्यातली नेमकी जागा: पान, नोंद क्रमांक, ओळ. संग्रहस्थान म्हणजे तो कागद जिथे ठेवला आहे ती कचेरी, ग्रंथालय किंवा घर. प्रोग्रॅम हे तीन तुकडे वेगळे साठवतो आणि रिपोर्ट काढताना जोडून टीप तयार करतो. पानाचा आकडा स्रोताच्या शीर्षकातच लिहिला, की तो संदर्भसूचीतही छापला जातो आणि त्याच वहीतल्या दुसऱ्या पानासाठी नवा स्रोत करावा लागतो. रिपोर्टमधला निम्मा गोंधळ या एका सवयीतून येतो.

ग्रॅम्प्समध्ये २०१२ च्या ३.४ आवृत्तीपासून संदर्भ ही स्वतंत्र नोंद झाली. त्यामुळे एकच संदर्भ अनेक घटनांना जोडता येतो. रूट्समॅजिकमध्ये ही सोय २०२१ च्या आठव्या आवृत्तीत आली. त्याआधीच्या आवृत्तीतून फाइल आणली असेल, तर एकाच मजकुराचे अनेक संदर्भ आत पडलेले असण्याची शक्यता मोठी आहे. ते कसे निस्तरायचे हे पुढे दिलं आहे.

## एका संदर्भात किमान काय असावं?

कुणी तयार केला, काय आहे, केव्हाचा आहे, त्यात नेमकं कुठे आणि तो कागद आता कुठे आहे, या पाच गोष्टी. उदाहरणार्थ: «जन्म नोंद वही, १९०४, पान ३७, अनु. २१२», आणि पुढे वही ठेवणाऱ्या कचेरीचं नाव. डिजिटल प्रत पाहिली असेल तर वेबसाइटचं नाव, चित्र क्रमांक आणि पाहिल्याची तारीख हवी.

पानाच्या रकान्यासाठी जेडकॉम (वंशावळीची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याचं फाइल-स्वरूप) प्रमाणातली शिफारस पाळण्याजोगी आहे: आधी लेबल, मग त्याचा आकडा, आणि दोन जोड्यांमध्ये स्वल्पविराम. म्हणजे «पान: ३७, अनु.: २१२, ओळ: ४». नुसतं «३७/२१२/४» लिहिलं तर काही वर्षांनी तुम्हालाही त्यातला कुठला आकडा कशाचा हे कळणार नाही.

## एका वहीतून दोनशे नोंदी घेतल्या. दोनशे स्रोत करायचे की एक?

रिपोर्टच्या दृष्टीने एक स्रोत आणि दोनशे संदर्भ. असं केलं तर संदर्भसूचीत ती वही एकदाच येते आणि प्रत्येक टीपेत फक्त पान-क्रमांक बदलतो. दोनशे स्रोत केले तर संदर्भसूचीत दोनशे जवळपास सारख्या ओळी येतील आणि टीपांत कुठलीही आखूड होणार नाही, कारण प्रोग्रॅमच्या लेखी प्रत्येक स्रोत पहिल्यांदाच भेटतो आहे.

सुटे स्रोत करण्याच्या पद्धतीचाही एक खरा फायदा आहे. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल नेताना सुटा स्रोत जसाच्या तसा पोचतो, कारण त्याची सगळी माहिती शीर्षकात असते. मृत्युपत्र, एखादं पत्र, खरेदीखत असे एकेकटे कागद सुटे ठेवणं योग्यच. वह्या, जनगणना, वृत्तपत्रं, मतदार याद्या यांचं मात्र एकेक स्रोतात एकत्रीकरण करावं. कुठवर एकत्र करायचं? आमचं मत असं की ग्रंथालयात किंवा कचेरीत जाऊन जी वस्तू एका वेळी मागून घेता येईल, ती एक स्रोत. «सगळ्या जन्म नोंदी» हा स्रोत फार सैल होतो, तर «वही क्र. ६, १९०१ ते १९०७» हा नेमका बसतो.

## तळटीपा घ्याव्यात की शेवटी टीपा?

छापील पुस्तक वाचणाऱ्याला तळटीप सोयीची, कारण पान उलटावं लागत नाही. पण वंशावळीच्या रिपोर्टमध्ये एका परिच्छेदात पंधरा-वीस टीपा सहज येतात आणि मग पानाचा खालचा अर्धा भाग टीपांनी भरतो. शिवाय एक तांत्रिक मर्यादा आहे. तळटीप ज्या पानावर उल्लेख आहे त्याच पानावर यावी लागते, म्हणून एकच टीप-क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. शेवटच्या टीपांमध्ये तो येतो. त्यामुळे «शक्य तिथे तोच क्रमांक वापरा» अशी सोय रिपोर्टच्या पर्यायांत असलीच, तर ती शेवटच्या टीपांसाठीच असते.

व्यक्ती शंभराहून जास्त असतील तर शेवटच्या टीपा आणि क्रमांकांचा पुनर्वापर, लहान रिपोर्ट असेल तर तळटीपा, असं ठरवून टाकलं तर पस्तावायची वेळ येत नाही.

ग्रॅम्प्सच्या सविस्तर वंशज आणि पूर्वज रिपोर्टमध्ये टीपा शेवटीच येतात आणि त्यांची रचना निराळी असते. आकडा स्रोताचा असतो आणि त्यापुढचं लहान इंग्रजी अक्षर त्या स्रोतातल्या संदर्भाचं. एका वहीतले तीन संदर्भ असतील तर एकच आकडा आणि पुढे तीन अक्षरं. प्रथम पाहणाऱ्याला हे चुकल्यासारखं वाटतं, पण स्रोत एकत्र ठेवणाऱ्यांसाठी ही रचना फार सुटसुटीत आहे. «स्रोत समाविष्ट करा» हा पर्याय रिपोर्टच्या खिडकीत टिचकी मारून चालू करावा लागतो. तो बंद राहिला तर मजकूर येतो, टीपा येत नाहीत.

## पहिली टीप पूर्ण आणि पुढच्या आखूड, हे आपोआप होतं का?

साच्यावर, म्हणजे रकाने भरले की टीप तयार करून देणाऱ्या नमुन्यावर, आधारलेला संदर्भ असेल तर होतं. साच्यात तीन रूपं असतात: पूर्ण टीप, आखूड टीप आणि संदर्भसूचीतली ओळ. प्रोग्रॅम रिपोर्टच्या क्रमाने जातो आणि स्रोत पहिल्यांदा भेटला की पूर्ण रूप, नंतर आखूड रूप छापतो. मुक्त मजकुराचा स्रोत असेल तर आखूड रूप तुम्ही स्वतः भरलेलं असलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक वेळी तीच लांब टीप येते.

आखूड रूपात दोन गोष्टी राहिल्याच पाहिजेत: स्रोत ओळखता येईल एवढं नाव आणि पान-क्रमांक. «जन्म नोंद» एवढंच आखूड रूप ठेवलं आणि तशा पाच वह्या असल्या, तर वाचक अडकतो. «जन्म वही ६, पान ३७» हे पुरेसं.

«तत्रैव» (म्हणजे आधीच्या टीपेतलाच स्रोत) छापण्याचा पर्याय बंद ठेवावा. मजकूर पुढे वर्डमध्ये नेऊन एखादा परिच्छेद हलवला, की मधे दुसरी टीप येते आणि «तत्रैव» भलत्याच स्रोताकडे बोट दाखवू लागतं. ही चूक वाचून पकडता येत नाही, कारण वाक्य व्यवस्थितच दिसतं.

## तीच टीप दहा वेगवेगळ्या क्रमांकांनी का छापली जाते?

प्रोग्रॅम दोन टीपा एकच आहेत का हे पाहताना सहसा एक तर दोन्ही उल्लेख एकाच संदर्भ-नोंदीकडे जातात का हे बघतो, नाहीतर तयार झालेला मजकूर अक्षर न् अक्षर जुळतो का हे. «पान ३७» आणि «पृ. ३७» त्याच्यासाठी वेगळे. शेवटी पूर्णविराम असलेला आणि नसलेला मजकूर वेगळा. डोळ्यांना न दिसणारी शेवटची मोकळी जागासुद्धा पुरते.

उपाय या क्रमाने करा. आधी फाइलची बॅकअप प्रत घ्या. मग स्रोतांची यादी उघडून एकाच वहीचे दोन-तीन स्रोत झाले असतील तर ते विलीन करा. स्रोत एक झाल्याशिवाय संदर्भ विलीन होणार नाहीत. त्यानंतर पानाच्या रकान्यातलं लेखन एकसारखं करा. शेवटी एकसारखे संदर्भ विलीन करण्याचं साधन चालवा. ग्रॅम्प्समध्ये ते साधनांच्या मेनूत आहे. क्रम उलटा केला तर साधनाला जुळणारं फारसं काही सापडत नाही आणि ते चालत नाही असा समज होतो.

विलीनीकरण करण्याआधी संदर्भाला जोडलेली टिपणं आणि चित्रं पाहून घ्या. दोन संदर्भांचं पान एकच असलं, तरी एकाखाली नोंदीचा उतारा आणि दुसऱ्याखाली तुमचं विवेचन असू शकतं.

## एका वाक्यापुढे «४, ५, ६, ७, ८» असे पाच क्रमांक येतात. कमी कसे करायचे?

काही प्रोग्रॅममध्ये एका घटनेचे सगळे संदर्भ एकाच टीपेत अर्धविरामाने जोडून छापण्याचा पर्याय असतो. तो चालू करा. वाचकाला एक क्रमांक दिसतो आणि टीपेत पाच आधार ओळीने येतात.

पण आधी पाचही लागतात का हे पाहा. जन्म नोंदीच्या वहीतली मूळ नोंद मिळाली असेल, तर तिच्यावरूनच तयार झालेली वेबसाइटवरची सूची, त्या सूचीवरून कुणी बनवलेली वंशावळ आणि तिच्यावरून घेतलेली माहिती, हे चार आधार होत नाहीत. मूळ एकच आहे. संशोधनाच्या नोंदीसाठी ते फाइलमध्ये राहू द्या, रिपोर्टमध्ये मूळ नोंदीचा संदर्भ पुरे. संदर्भ खासगी म्हणून खूण करण्याची सोय असेल तर ती यासाठी वापरता येते: फाइलमध्ये राहतो, छापला जात नाही. स्वतंत्रपणे तयार झालेले आधार मात्र सगळे छापा. शाळेचा दाखला आणि जन्म नोंद जुळत असतील तर त्या जुळण्याला वजन आहे.

## लग्नाची टीप दोनदा का येते?

लग्न ही कुटुंबाची घटना आहे. ती नवऱ्याच्या आणि बायकोच्या खात्यात वेगवेगळी भरली, तर दोन घटना आणि दोन टीपा होतात. कुटुंबाच्या नोंदीत एकदाच भरा आणि वैयक्तिक घटना काढून टाका. काढण्याआधी दोन्हींचे संदर्भ कुटुंबाच्या घटनेला जोडले गेले आहेत याची खात्री करा. नवरा-बायको दोघंही एकाच मूळ पुरुषाचे वंशज असतील तर रिपोर्टमध्ये ती घटना दोन ठिकाणी येणं साहजिक आहे, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

## तारीख एका कागदातली, ठिकाण दुसऱ्या. क्रमांक मात्र वाक्याच्या शेवटी एकत्र येतात. काय करावं?

जेडकॉमच्या ५.५.१ आवृत्तीत संदर्भ घटनेला जोडला जातो, तिच्या आतल्या तारखेला स्वतंत्रपणे जोडता येत नाही. बरेच प्रोग्रॅम याच रचनेवर बांधलेले असल्यामुळे कुठला आधार तारखेचा आणि कुठला ठिकाणाचा हे रिपोर्टला कळत नाही. म्हणून ते टीपेतच लिहा: «फक्त तारखेसाठी» किंवा «गावाचं नाव या नोंदीत नाही». संदर्भाच्या तपशिलाच्या रकान्यात पानानंतर हे शब्द लिहिले की ते छापील टीपेत येतात. नुसत्या टिपणात लिहिले तर बहुधा येणार नाहीत.

## टीपेत रिकामे कंस, दोन स्वल्पविराम किंवा दोन पूर्णविराम येतात. का?

साच्यातला एखादा रकाना रिकामा असतो, पण त्याच्याभोवतीची विरामचिन्हं साच्यात पक्की लिहिलेली असतात. चांगल्या साच्यात ती अट घालून लिहितात, म्हणजे रकाना भरला असेल तरच कंस छापला जातो. तयार साचा सहसा बदलता येत नाही. त्याची नक्कल करा, नक्कलेत दुरुस्ती करा आणि स्रोत त्या नक्कलेवर हलवा.

दोन पूर्णविरामांचं कारण साधं असतं: तुम्ही रकान्याच्या शेवटी पूर्णविराम दिलात आणि साच्यानेही दिला. रकान्यात शेवटचं चिन्ह कधीच लिहायचं नाही, हा नियम सगळीकडे पाळा.

## दोन कागदांत जन्मतारीख वेगळी आहे. रिपोर्टमध्ये कुठली द्यायची?

दोन्ही तारखा दोन स्वतंत्र घटना म्हणून भरा, प्रत्येकीला तिचाच संदर्भ जोडा आणि जी जास्त पटते ती मुख्य म्हणून खूण करा. एकाच घटनेला दोन्ही संदर्भ जोडले, तर दोन्ही कागद तीच तारीख सांगतात असा अर्थ छापला जातो आणि तो खोटा असतो. हा दोष कुलवृत्तांतांमध्ये फार दिसतो आणि पुढच्या संशोधकाची वर्षं वाया घालवतो.

रिपोर्टमध्ये फक्त मुख्य घटना घ्यायची की पर्यायीसुद्धा, हे बहुतेक प्रोग्रॅममध्ये ठरवता येतं. फक्त मुख्य घेतली तर वाद लपतो. त्यापेक्षा मुख्य तारखेच्या टीपेत दोन-तीन वाक्यांत निवडीचं कारण द्यावं: «शाळेच्या दाखल्यात १२ जून १९०३ आहे. जन्म नोंद घटनेनंतर आठवड्याच्या आत झालेली असल्याने ती ग्राह्य धरली.» कारण दोन-तीन वाक्यांत मावत नसेल, तर व्यक्तीच्या टिपणात परिच्छेद लिहून तो रिपोर्टमध्ये घ्या.

## मूळ वही पाहिलेली नाही, फक्त वेबसाइटवरची सूची पाहिली. संदर्भ कुणाचा द्यायचा?

जे पाहिलं त्याचा. सूची पाहिली तर सूचीचा, डिजिटल चित्र पाहिलं तर चित्राचा. मूळ वहीचं नाव सूचीत दिलेलं असेल तर दुसऱ्या थरात लिहा: आधी सूचीचं नाव आणि पाहिल्याची तारीख, मग «सूचीत दिलेला मूळ स्रोत:» आणि वहीचा तपशील. चित्र पाहिलं असेल तर क्रम उलटा चालतो: आधी वहीचा तपशील, मग अर्धविराम, मग «डिजिटल प्रत», वेबसाइट आणि चित्र क्रमांक. सूचीत नावं आणि तारखा वाचताना चुका होतात, काही रकाने वगळलेले असतात. वाचकाला तुम्ही किती लांबून पाहिलं हे कळलं, की तो त्या माहितीवर किती भिस्त ठेवायची ते ठरवू शकतो.

दुसऱ्याच्या ऑनलाइन वंशावळीतून घेतलेली माहितीही याच नियमाने जाते. तिथे दिलेले स्रोत स्वतः न उघडता आपल्या नावावर घेऊ नयेत.

## आत्या, काका, आजी यांनी सांगितलेल्या माहितीचा संदर्भ कसा लिहावा?

सांगणाऱ्याचं नाव, त्या व्यक्तीशी असलेलं नातं, सांगितल्याची तारीख, कुणाला सांगितलं आणि कशा रूपात जपलं आहे: ध्वनिमुद्रण, टिपण की नुसती आठवण. ही माहिती त्यांनी स्वतः पाहिलेली की ऐकलेली, हे जरूर लिहा. पणजोबांच्या जन्माबद्दल आजीने सांगितलेलं आणि स्वतःच्या धाकट्या भावाच्या जन्माबद्दल आजीने सांगितलेलं यांत फार फरक आहे. सांगणारी व्यक्ती हयात असेल तर पत्ता आणि फोन क्रमांक संदर्भात मुळीच नको.

## हयात व्यक्ती वगळून रिपोर्ट काढला, तरी त्यांची नावं टीपांत कशी आली?

हयात व्यक्ती लपवण्याची गाळणी व्यक्तींच्या नोंदींवर चालते. संदर्भातला मजकूर तिच्यासाठी नुसती अक्षरं असतात. «काकूंच्या घरी असलेलं मृत्युपत्र, फोन अमुक», «नात अमुक हिचा जन्म दाखला» असं लिहिलं असेल तर ते जसंच्या तसं छापलं जातं. चित्राच्या फाइलचं नाव आणि चित्राखालची ओळही याच वाटेने बाहेर पडते.

छापण्याआधी रिपोर्ट मजकूर फाइल म्हणून काढा आणि हयात नातलगांची नावं एकेक करून शोधा. मिळालेली प्रत्येक जागा डेटाबेसमध्ये दुरुस्त करा. संग्रहस्थानाच्या नावात व्यक्तीचं नाव असेल तर «खासगी संग्रह» पुरे. आपल्यासाठी ठेवायचा मजकूर खासगी टिपणात ठेवा. रूट्समॅजिकमध्ये टिपणातला खासगी भाग महिरपी कंसात लिहितात, फॅमिली हिस्टोरियनमध्ये दुहेरी चौकटी कंसात, ग्रॅम्प्समध्ये अख्ख्या नोंदीला कुलूप लावतात. ही खूण पाळायची की नाही हे रिपोर्टच्या पर्यायात ठरतं, त्यामुळे दर वेळी तो पर्याय उघडून पाहा.

## विश्वसनीयतेचा आकडा कशाला लावायचा? तो छापावा का?

जेडकॉममध्ये ० ते ३ अशी श्रेणी आहे: ० म्हणजे अविश्वसनीय किंवा अंदाज, १ शंकास्पद, २ दुय्यम पुरावा, ३ थेट आणि प्राथमिक पुरावा. ग्रॅम्प्समध्ये पाच पायऱ्या आहेत.

श्रेणी अख्ख्या स्रोताला लावून चालत नाही. मृत्यूच्या दाखल्यात मृत्यूची तारीख प्रत्यक्ष पाहणाऱ्याने दिलेली असते, पण जन्माचं वर्ष कुणी तरी आठवून सांगितलेलं असतं. तोच कागद मृत्यूसाठी ३ आणि जन्मासाठी १ किंवा २. इथे एक अडचण उभी राहते. ग्रॅम्प्समध्ये श्रेणी संदर्भाच्या नोंदीत साठते, म्हणून एकच संदर्भ जन्म आणि मृत्यू दोन्हींना जोडला तर दोघांना तीच श्रेणी मिळते. अशा वेळी एकाच कागदाचे मुद्दाम दोन संदर्भ करा, आणि वर सांगितलेलं विलीनीकरण करताना ते चुकून एक होणार नाहीत म्हणून पानाच्या रकान्यात «जन्माविषयी» असा शब्द घाला.

आकडा छापू नये. ३ म्हणजे काय हे वाचकाला माहीत नसतं. त्याऐवजी शब्दांत लिहा.

## लांबलचक वेबपत्ते टीपेत द्यायचे का?

कायमचा पत्ता असेल तर द्या. फॅमिलीसर्च या वेबसाइटवरच्या चित्रांना आर्क पद्धतीचे कायम पत्ते असतात. प्रश्नचिन्हापुढचा भाग बहुधा तुमच्या शोधाचा असतो. तो काढून पत्ता एकदा उघडून पाहा, तेच चित्र उघडलं तर आखूड पत्ता वापरा. इतर ठिकाणी वेबसाइटचं मुखपृष्ठ, संग्रहाचं नाव आणि चित्र क्रमांक जास्त टिकतो. पत्ता कितीही चांगला असला तरी वहीचा तपशील गाळू नका. वेबसाइटची रचना बदलते, वहीचा क्रमांक बदलत नाही.

## तक्त्याच्या रूपातल्या वंशवृक्षात टीपा कशा द्याव्यात?

तिथे जागा नसते आणि बहुतेक प्रोग्रॅम ती सोय देतही नाहीत. तक्त्यात व्यक्तीचा क्रमांक छापा आणि टीपा कुटुंब पत्रकात किंवा वर्णनात्मक रिपोर्टमध्ये ठेवा. दोन्हींत तोच क्रमांक आला की काम भागतं.

## रिपोर्ट वर्डमध्ये नेल्यावर टीपांचे क्रमांक बिघडतात. का?

काही प्रोग्रॅम खऱ्या टीपा पाठवतात, काही फक्त वर उचललेला आकडा आणि शेवटी एक यादी. ओळखायची खूण अशी: मजकुरातल्या आकड्यावर दोनदा क्लिक करा. कर्सर टीपेवर गेला तर टीप खरी आहे, आणि परिच्छेद हलवला तरी क्रमांक आपोआप बदलतील. कर्सर जागेवरच राहिला तर आकडा नुसता अक्षर आहे. अशा फाइलमध्ये एकही परिच्छेद काढू किंवा हलवू नका, सगळे बदल डेटाबेसमध्ये करून रिपोर्ट पुन्हा काढा.

खऱ्या टीपा असतील तर वर्डमधल्या टीपांच्या खिडकीतून तळटीपांच्या शेवटटीपा आणि उलटही करता येतात. शेवटटीपांचे क्रमांक वर्ड मुळात लहान रोमन अंकांत (i, ii, iii) देतो, ते त्याच खिडकीत बदलावे लागतात. एकच टीप दुसऱ्यांदा दाखवायची असेल तर क्रमांक हाताने टाइप करू नका, टीपेचा परस्पर-निर्देश (क्रॉस-रेफरन्स) घाला. छापण्याआधी सगळा मजकूर निवडून फील्ड अद्ययावत करा, म्हणजे निर्देश, अनुक्रमणिका आणि सूची जुळतील.

वर्डमध्ये किती सजवायचं याला मर्यादा ठेवा. मुखपृष्ठ, समास, फॉन्ट, पानांची तोड एवढंच. टीपेतला शब्द बदलावासा वाटला की परत प्रोग्रॅमकडे जा.

## देवनागरीत संदर्भ लिहिल्यावर कुठे अडतं?

चार ठिकाणी. एक, तयार साच्यांतले «पान», «पाहिले», «उद्धृत» या अर्थाचे शब्द इंग्रजीत पक्के लिहिलेले असतात आणि टीप अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी होते. साच्याची नक्कल करून ते शब्द बदला किंवा मुक्त मजकुराचा स्रोत वापरा.

दोन, एकसारखी दिसणारी अक्षरं युनिकोडमध्ये वेगळी असू शकतात. «ऱ» हे एक अक्षर म्हणून टाइप होतं किंवा «र» आणि खालचा नुक्ता मिळून. «ॲ» चंही तसंच. एका कीबोर्डवरून एक रूप येतं, दुसऱ्यावरून दुसरं, आणि दिसायला एकच असलेले दोन स्रोत तयार होतात. एक कीबोर्ड ठरवा आणि स्रोताचं नाव प्रत्येक वेळी टाइप न करता यादीतून निवडा.

तीन, आकडे. तारखेच्या रकान्यात देवनागरी आकडे अनेक प्रोग्रॅम ओळखत नाहीत. तारीख नुसता मजकूर म्हणून साठते आणि घटनांचा क्रम बिघडतो. तारखेचा रकाना प्रोग्रॅमला कळणाऱ्या पद्धतीने भरा. पानाच्या रकान्यात कुठलेही आकडे चालतात, फक्त सगळीकडे एकाच प्रकारचे ठेवा.

चार, संदर्भसूचीचा क्रम. तो अक्षरांच्या संकेतांकावर लागला तर रोमन लिपीतली नावं आधी आणि देवनागरी नंतर येतात, आणि «श्री.» ने सुरू होणारी सगळी नावं एकत्र गोळा होतात. आदरार्थी शब्द लेखकाच्या रकान्यात नकोत.

## जेडकॉमने दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेल्यावर संदर्भ का तुटतात?

साचे हे प्रत्येक प्रोग्रॅमचे स्वतःचे असतात, जेडकॉमच्या ५.५.१ मध्ये त्यांना जागा नाही. त्यामुळे निर्यात करताना साच्यातले रकाने शीर्षक, लेखक, प्रकाशन आणि पान एवढ्यांत कोंबले जातात. दुसरीकडे ते मुक्त मजकूर म्हणून उतरतात, आखूड रूप हरवतं आणि मग प्रत्येक टीप पूर्ण छापली जाते. शिवाय ५.५.१ मध्ये पानाच्या रकान्याची लांबी २४८ अक्षरांपर्यंत ठरवलेली आहे. तिथे उतारा लिहिला असेल तर काटेकोर प्रोग्रॅम तो कापू शकतो. उताऱ्याची जागा संदर्भाखालच्या मजकुराच्या रकान्यात.

निर्यातीची अक्षरसंहिता यूटीएफ-८ च ठेवा. जुन्या आन्सेल संहितेत देवनागरी बसत नाही आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. जेडकॉमच्या २०२१ मधल्या ७.० आवृत्तीत यूटीएफ-८ सक्तीची झाली आणि चित्रांसकट एकच बांधलेली फाइल पाठवण्याची सोय आली, पण ती फाइल उघडणारा प्रोग्रॅम समोरच्याकडे हवा. पाठवण्याआधी विचारून घ्या.

नेण्याआधी दहा व्यक्तींची लहान फाइल काढून पाहा. तिच्यात एक साच्याचा स्रोत, एक मुक्त स्रोत, एक चित्र जोडलेला संदर्भ आणि एक खासगी टिपण असू द्या. दुसरीकडे तिचा रिपोर्ट काढला की काय हरवतं ते दिसतं.

## छापायला देण्याआधी काय तपासायचं?

संदर्भ नसलेल्या घटनांची यादी काढा. ती बहुतेक प्रोग्रॅममध्ये मिळते आणि पहिल्यांदा पाहताना धक्का बसण्याइतकी मोठी असते. सगळ्या पूर्ण होणार नाहीत. ज्यांचा आधार सापडत नाही त्यांना «घरातली माहिती, आधार अजून मिळालेला नाही» असा संदर्भ जोडा, म्हणजे वाचकाला ती जागा कळेल. मग कुठेही न वापरलेले स्रोत पाहा. ते संदर्भसूचीत शिरतात का हे प्रोग्रॅमवर अवलंबून असतं.

नंतर टीपांची यादी मजकुरापासून वेगळी छापून वरून खाली वाचा. मजकुरासोबत वाचताना डोळा टीपांवरून घसरतो. वेगळी वाचली की दुहेरी पूर्णविराम, रिकामे कंस, पान नसलेले संदर्भ आणि «पान» व «पृ.» यांची सरमिसळ लगेच दिसते. शेवटी कुठल्याही दहा टीपा निवडा आणि फक्त टीपेत छापलेल्या शब्दांवरून कागद शोधा, फाइल न उघडता. ज्या टीपेवर अडलात तिच्या स्रोताचे सगळे संदर्भ तपासा, कारण उणीव सहसा स्रोताच्या नोंदीत असते आणि त्याच्या प्रत्येक टीपेत उतरलेली असते.

## प्रोग्रॅमच बंद पडला तर?

असं झालेलं आहे. संदर्भांच्या बाबतीत नावाजलेल्या «द मास्टर जीनिअॅलॉजिस्ट» या प्रोग्रॅमची विक्री २०१४ मध्ये थांबली आणि वापरणाऱ्यांना फायली दुसरीकडे न्याव्या लागल्या. वर्षातून एकदा तीन गोष्टी काढून ठेवा: प्रोग्रॅमची स्वतःची बॅकअप फाइल, यूटीएफ-८ मधली जेडकॉम, आणि सगळ्या व्यक्तींचा पूर्ण टीपांसह पीडीएफ रिपोर्ट, ज्यात आखूड टीपा बंद केलेल्या असतील. पहिल्या दोन उघडायला कुठला तरी प्रोग्रॅम लागतो. तिसऱ्यात प्रत्येक घटनेशेजारी तिचा संपूर्ण आधार लिहिलेला असतो आणि तो कुणालाही वाचता येतो. जोडलेल्या चित्रांचा फोल्डर या तिन्हींसोबत ठेवा आणि फाइलच्या नावात संदर्भातलाच वही-पान-अनुक्रमांक लिहा, म्हणजे दुवा तुटला तरी चित्र आणि टीप पुन्हा जोडता येतात.